ढगाचं ठिगळ अन उतू गेलेलं दूध

मला वाचता येत न्हाई अन मी पुस्तक वाचायच्या गटात हाय. हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या, कारन पुढं मी सोताच हसनार हाय, मग गर्दी हुईल.

हे तुमी वाचताय ते बी मी लिवलेलं न्हाई. मी बोलतोय अन बायको लिवून घेतीय. ती सातवी शिकल्याली हाय. मी शाळेत गेलोच न्हाई आसं न्हाई, एकदा गेल्तो. शेरडू आत शिरलं हुतं, ते बाहेर काढाया. आमचं गाव खर्ड्याच्या पल्याड. दसरा झाला की आई-बाप ऊस तोडाया जायचे, त्येंच्या मागं मी. गावात शाळा भरायची तवा मी उसाच्या फडात, अन मी गावात यायचो तवा शाळेला सुट्टी. आमची दोघांची गाठच पडली न्हाई. तिनं माझी चौकशी केली न्हाई, मी तिची केली न्हाई.

आता मी नागापूरला एमआयडीसीत माल चढवायचं-उतरवायचं काम करतो. खोक्यावर चित्रं आसत्यात, तेवढी मला वाचता येत्यात आसं मला वाटायचं. एकदा खोक्यावर छत्री बघून मी समद्यांना सांगितलं, "हळू घ्या रं, ह्यात छत्र्या हायेत." छत्रीचा अर्थ माल भिजवू नका आसा आसतोय हे मला मागनं कळलं. तवापासनं कंपनीत मला छत्रीवाला म्हनत्यात. बरं नाव हाय. माझ्या खऱ्या नावापरीस लवकर ध्यानात राहतं.

आता गटाचं सांगतो. आमी गावाकडचे तिघं दोस्त. एक पुन्यात टेम्पो चालवतो, एक राहुरीला रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरतो, अन तिसरा मी. मोबाईलवर आमचा तिघांचा गट हुता. त्यात काय चालायचं? सकाळी फुलाचा फोटू, दुपारी म्हशीचा फोटू. मला फोटूच कळायचे, म्हनून मी बी फोटूच टाकायचो.

मग टेम्पोवाल्यानं कुनाचं तरी घर हलवलं. मालक म्हनला, ही पुस्तकं रद्दीत टाक. त्यात त्येला एक जाड पुस्तक घावलं, वर ढगाचं चित्र. हा बारावीपस्तोर शिकल्याला गडी. माल भरायची वाट बघत टेम्पोत बसल्या बसल्या त्यो वाचाय लागला अन एका संध्याकाळी त्यानं आमाला दोघांना एकदम फोन लावला. म्हनला, "लेकांनो, हे मला एकट्याला झेपंना. ऐका."

पुस्तकात एक शिंपीन हाय. ती फाटक्या ढगांना ठिगळं लावती. तिचा दोरा सुताचा न्हाई, जांभयांचा. गावोगाव फिरून लोकांच्या जांभया पोत्यात भरून आनायच्या अन त्येचा दोरा काढायचा. तिच्यासंगं सामान वाहाया एक उंट, अन त्यो उंट उंचीला भितो. शिडी चढताना डोळं गच्च मिटतो अन सारखं इचारतो, "आलं का, आलं का?"

मी ऐकलं अन तिथंच लागीर झालं. आमच्या खर्ड्याकडं ढग येत्यात ते फाटकेच येत्यात. पानी आदीच कुठंतरी सांडून येत्यात अन आमच्यावरनं नुसतं ऐटीत जात्यात. मी म्हनलं, "टेम्पोवाल्या, त्या बाईला आपल्या गावचा पत्ता दे. भाकरी देऊ, चहा देऊ, अन जांभयांचं म्हनशील तर आख्खी ग्रामपंचायत बसवून देऊ."

राहुरीवाला तिकडं आसा हसला की त्येच्या हातनं मातीची पिशवी फुटली.

तवापासनं रोज सांजच्याला आमचं वाचन. टेम्पोवाला पानांचे फोटू टाकायचा. कधी त्यो वाचायचा, कधी राहुरीवाला. माझं काम मधी मधी बोलायचं. हे काम मला कुनी दिलं नव्हतं, पन मी एक दिवस बी खाडा केला न्हाई.

कंपनीत कळलं तवा झाली पंचाईत. टपरीवर एकानं इचारलं, "छत्रीवाल्या, कानात काय ऐकतो रं? कीर्तन का?"

"न्हाई. उंट शिडी चढतोय."

"कंचा उंट?"

"त्येच, उंचीला भितो त्यो."

समदी टपरी माझ्याकडं बघाय लागली. "आरं, डोस्क्यावरचे केस पांढरे झाले तुझे. लहान पोरांच्या गोष्टी ऐकतो व्हय?"

मी म्हनलं, "लहानपनी मला कुनी सांगितली न्हाई. माझा कोटा शिल्लक हाय. आता उचलतोय, तुझं काय जातंय?"

त्येचं कायच जात नव्हतं, म्हनून त्यो परत चहाकडं वळला.

मग गटात चौथा मानूस आला. टेम्पोवाल्याच्या खोलीशेजारी राहतो, कुठंतरी हापिसात हाय, शिकल्याला. आमी त्येला चष्मेवाला म्हनतो. मानूस वाईट न्हाई. हे मी बायको लिवतीय म्हनून सांगत न्हाई, खरंच वाईट न्हाई. त्येला ते पुस्तक आमच्याइतकंच आवडलं. पन त्येला शिस्त लागती. आल्या आल्या म्हनला, "असं विस्कळीत नको. प्रत्येकाने आळीपाळीने एक एक पान वाचायचं. वाचणाऱ्यांचा गट आहे ना आपला?"

राहुरीवाल्याला ते लगेच पटलं. त्येच्याकडं कॅनॉलचं पानी पाळीनं येतं. ज्येची पाळी त्येनं दारं धरून पानी वळवायचं, झोपला आसंल तर पानी पुढच्याचं. म्हनला, "पाळी लावू. बेस."

"अन माझं?" मी इचारलं.

मग चष्मेवाला लई मायेनं म्हनला, "दादा, तुमची अडचण समजू शकतो. तुम्हाला आम्ही रेकॉर्डिंग पाठवत जाऊ. तुम्ही निवांत, तुमच्या वेळेनं ऐका."

निवांत! मला निवांत नको हुतं. रेकॉर्डिंगला मधीच काय बोलता येतंय का? मी म्हननार, "उंटाला चहा पाजा," अन रेकॉर्डिंग तसंच पुढं जानार, कुनी हसनार न्हाई. आमी तिघं एका गावचे, आता तीन गावाला पांगलेले. त्या टायमापुरतं आमी एका वट्ट्यावर बसल्यागत आसायचो. त्या वट्ट्यावरनं मला उठवाया लागले हुते, अन ते बी माया करून.

मी म्हनलं, "माझी पाळी मी घेनार. मीच वाचून दाखवनार."

राहुरीवाला म्हनला, "आरं तुला..."

"ते मी बघतो. तू तुझी पिशवी सांभाळ."

फोन ठेवला अन बायकोकडं बघितलं. ती पीठ मळत हुती. म्हनली, "काय करून बसलाव?"

मला वाचाय येत न्हाई, पन कानावर पडल्यालं चिकटतं. सिनेमाचे डायलॉग, बाजारातल्या आरोळ्या, मुकादमाच्या शिव्या, समद्या तोंडपाठ. तवा मी आसं ठरवलं की बायकोनं माझ्या पाळीचं पान मोठ्यानं वाचायचं, मी पाठ करायचं, अन पाळीच्या दिवशी वाचल्यागत म्हनून टाकायचं. ती सैपाक करता करता वाचायची. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवल्याला, एक डोळा त्येच्यावर, एक डोळा गॅसवर. मी खाली बसून एकेक शबूद गिळायचो. पुस्तकात हाय ते समदं गिळायचं, काय बी सांडू द्यायचं न्हाई, हे मी ठरवल्यालं.

पाळीचा दिस आला. समदे फोनवर. मी घसा खाकरला, मोबाईल डोळ्याम्होरं धरला. नुसतं बोलनं चालू हुतं, कोन कशाला बघतंय, पन धरला. अन सुरू झालो. शिंपीन शिडी चढून वर गेली. ढगावर वाकली. जांभईचा दोरा सुईत ववला. मागनं उंट डोळं मिटून चढला अन ढगावर पाय ठेवला. मग शिंपीन म्हनली, अवो, पाय काढा तिथनं, आत्ताच पुसलंय.

टेम्पोवाला खदाखदा हसला. "वा! काय बाई हाय! ढगाची फरशी पुसती!"

मला लई बरं वाटलं. आवाज चढवला. पुस्तकात 'आहे' लिवल्यालं आसलं तरी माझ्या तोंडातनं 'हाय'च बाहेर पडतं, तवा कंचं कुनाचं बोलनं हे वळखू यायचं कारनच नव्हतं. मी पुढं म्हनलं, ढगाच्या फाटक्या जागंतनं खालचं गाव दिसाय लागलं. शिंपिनीनं पैला टाका घातला. अन म्हनली, थांबा, दूध उतू चाललंय.

"दूध?" टेम्पोवाला म्हनला.

राहुरीवाला म्हनला, "बरोबरच हाय की. ढग पांढरा कशानं आसतोय मग? आतनं दूधच आसनार. सुई टोचली, उतू आलं."

"हां, हां. म्हंजे पाऊस दुधाचा पडनार. च्यायला, पुस्तक लिवनाऱ्याचं डोस्कं बघ!"

चष्मेवाला हळूच म्हनला, "दादा, कितव्या ओळीत आहे हे? मला पानावर सापडत नाहीये."

"खालच्या बाजूला बघा," मी म्हनलं अन तसाच रेटत गेलो. आता थांबलो तर पुढचं इसरनार हुतो. उंट म्हनला, आलं का, आलं का? शिंपीन म्हनली, अवो, तुमच्या आईचा फोन वाजतोय, घ्या की.

ढगावर दूध चालंल, पन उंटाच्या आईपाशी मोबाईल म्हनल्यावर टेम्पोवाल्याला बी शंका आली. मला मातर तवा लख्ख उजाडलं. पाठ करताना माझ्या आईचा फोन आल्ता. मी उचलला बी हुता. तेवढं बरं, की मी आईसंगं काय बोललो ते पाठ केलं नव्हतं.

आदी राहुरीवाला हसून फुटला. मग टेम्पोवाला. टेम्पोचं हॉर्न वाजाय लागलं, स्टेरिंगवर पडून हसत आसंल. मी बी हसलो, दुसरं काय करनार? पोट धरून हसलो. हसता हसता एक जागा आतनं दुखत बी हुती. ती कुनाला दाखवली न्हाई.

हसनं सरल्यावर चष्मेवाला म्हनला, "दादा, तुम्ही खूप कष्ट घेतलेत. पण खरं सांगायचं तर, हे वाचन नाही."

"व्हय," मी म्हनलं, "हे वाचन न्हाई. मला येत न्हाई, ते मी कवा नाकारलंय? पन पाळी माझी हुती अन मी झोपलो न्हाई, दारं धरून हुबा हुतो. वाफ्यात पानी थोडं गढूळ गेलं आसंल. पन मी हितनं हलनार न्हाई."

"रेकॉर्डिंगमध्ये काय वाईट आहे?"

"रेकॉर्डिंगमधी तुमी नसता," मी म्हनलं.

राहुरीवाल्याचं डोस्कं चाललं. "आरं, एवढं सोपं हाय. वहिनी वाचत्यात ना? मग वहिनींनाच घेऊ गटात, तुझ्या जागी."

म्हंजे वट्टा तिथंच, माझ्या जागेवर माझीच बायको. मी त्वांड उघडायच्या आदी तिनं माझ्या हातातनं मोबाईल घेतला. हात पिठाचेच हुते.

"भावजी," ती म्हनली, "मी वाचीन. मला बी शिंपिनीचं पुढं काय झालं ते बघायचंय. पन ह्येंच्या जागी न्हाई वाचनार. ह्येंच्या शेजारी बसून वाचीन. ह्येंना काढायचं आसंल तर दोघांना काढा. अन दूध खरंच उतू गेलं हुतं त्या दिवशी, ह्येंच्या पाठांतरापायी गॅसचा समदा वटा धुतला मी. ते खोटं हुतं आसं कुनी म्हनू नका."

चष्मेवाला म्हनला, "नाही वहिनी, तसं नाही म्हणत." पन व्हय म्हनला न्हाई. टेम्पोवाला म्हनला, "बघू उद्या," अन गाडी भरायची येळ झाली म्हनून फोन ठेवला.

रातभर नको ते इचार आले, ते सांगत न्हाई. दुसऱ्या दिवशी सांजच्याला मी कुनाच्या फोनची वाट बघितली न्हाई. सोताच लावला, तिघांना एकदम. माझ्या मोबाईलवर प्रत्येकाच्या नावापुढं चित्र हाय. टेम्पो, झाड अन चष्मा. तिन्ही दाबले. तिघांनी उचलला.

टपरीवरच्या त्या गड्याला मी सांगून ठेवलंय, तुला हसायचं तर हस. आक्षरं शिकंन न्हाईतर न्हाई, ते माझं मी बघंन. शिकल्यावर जाऊ म्हनत बसलो आसतो तर आजपस्तोर कुठंच गेलो नसतो, ऊस तोडाया बी न्हाई.

पाळी फिरून परत आली. टेम्पोवाल्यानं इचारलं, "आज कोन?"

"आमी," मी म्हनलं.

बायको वाचाय लागली, एकेक वळ. तिच्या मागनं मी ती वळ माझ्या बोलीत म्हनायचो, उंटाला उंटाचा आवाज, शिंपिनीला शिंपिनीचा. उंट पैल्यांदाच डोळं उघडून खाली बघनार, त्या जागंवर आमी आलो अन मागं कुकरची शिट्टी झाली. मोठी झाली. समद्यांनी ऐकली. बायको थांबली. मी बी थांबलो. म्हनलं, आता हा इचारनार, शिट्टी कितव्या वळीत हाय.

"पुढे?" चष्मेवाला म्हनला. "उंटानं डोळे उघडले का?"