कोबाल्टच्या दारावरची बेबाबाई

पगारपत्रकात बेबाबाईचा हुद्दा 'परिचर' असा होता, पण त्या नावानं तिला कोणी हाक मारल्याचं दवाखान्यात कुणाला आठवत नाही. शिरपूर, साक्री, पारोळा, चोपडा, जिथून म्हणून पेशंट यायचे तिथे ती 'कोबाल्टवाली मावशी' होती. धुळ्याच्या त्या धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या अंगाला हातभर नव्हे, पुरुषभर जाडीच्या भिंतींची एक खोली होती. आत कोबाल्टचं मशीन. त्यातून कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडायचे. पंचवीसेक वर्षं बेबाबाईनं त्या खोलीचं दार सांभाळलं.

काम ऐकायला सोपं होतं. पेशंटला आत नेऊन टेबलावर झोपवायचं, टेक्निशियन खुणा जुळवून बाहेर पडला की आत आणखी कोणी राहिलं नाही ना हे बघायचं, एक मोठी हाक द्यायची आणि दार लावायचं. वरचा तांबडा दिवा लागला की मग ती कुणाचीच नसायची. एकदा ट्रस्टचे एक बडे विश्वस्त पाहुण्यांना मशीन दाखवायला घेऊन आले आणि दाराला हात घालू लागले. बाईनं सरळ त्यांचं मनगट धरलं. विश्वस्त लालबुंद झाले, पण पुढच्या सभेत तिला साडी-चोळी त्यांच्याच हातून मिळाली. तपासणीला येणारे साहेब लोकही वहीत तिच्याबद्दल दोन बरे शब्द लिहून जायचे. बाईला याचा अभिमान होता, आणि तो तिनं कधी लपवला नाही.

घोळ झाला तो दाराबाहेर. आपल्याकडे माणूस दवाखान्यातून घरी निघाला की एकच विचारतो, आता घरी काय पाळायचं? टेक्निशियन सांगायचा, किरणांचा शेक दिलेल्या जागेला साबण लावू नका, ऊन लागू देऊ नका. एवढंच. बेबाबाईला ते काही पटेना. एवढं हत्तीसारखं मशीन, एवढ्या भिंती, गळ्यात किरणांच्या मापाचा बिल्ला, गरोदर बाईला दारापाशी उभं राहायची बंदी, आणि घरी गेल्यावर पाळायचं काय, तर साबण लावू नका. मशीन बसवलं तेव्हाच्या शिकवणीत एक साहेब म्हणाले होते की काही पेशंटांना नंतर थोडे दिवस लेकरांपासून लांब राहावं लागतं. कोणत्या पेशंटांना, ते बाईच्या लक्षात राहिलं नव्हतं. लांब राहावं लागतं, एवढं मात्र राहिलं होतं. मग किती दिवस, हे तिनं तिच्या हिशेबानं ठरवलं. बाळंतीण सव्वा महिना बाजूला बसते, तर हेही सव्वा महिना. वेगळं अंथरूण, वेगळं ताट आणि लेकरू मांडीवर घ्यायचं नाही.

ती हे शेवटच्या दिवशी हळूच, बाजूला घेऊन सांगायची. लोकांना ते लगेच पटायचं, कारण सव्वा महिना काय असतो हे प्रत्येक घराला माहीत होतं. डॉक्टरांना पत्ता लागायचा प्रश्नच नव्हता. घरी काय पाळतो हे आपला माणूस डॉक्टरला कधी सांगत नाही, आणि डॉक्टरही विचारत नाही. उलट तपासणीला परत आलेल्या बायका बाईसाठी केळीची फणी घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, तुम्ही सांगितलं म्हणून बरं, नाहीतर आम्हा अडाण्यांना काय कळतं. बाईला ते गोड वाटायचं. का नाही वाटणार?

ज्योत्स्ना ही तिची धाकटी बहीण. चोपडा तालुक्यात दिलेली. नवरा प्रेमराज केळीवाला, माणूस शांत. एकच मुलगी, भूमिका. ती पाच वर्षांची असताना ज्योत्स्नाला छातीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग बेबाबाईच्याच दारातून कोबाल्टचा शेक झाला. रोज बहिणीला आत झोपवताना बेबाबाई तिच्या कपाळावरून हात फिरवायची आणि बाहेर येऊन दार लावायची. शेक संपला तेव्हा ज्योत्स्नाला तिनं चोपड्याला पोचवलं, बाहेरच्या खोलीत तिची खाट टाकली आणि स्वतः रजा काढून तिथे राहिली. बहिणीच्या बाबतीत तिनं हे पाळणं अगदी कडक ठेवलं. भूमिका उंबऱ्याशी आली की ज्योत्स्ना हात वर करून ओरडायची, लांब हो, लांब हो. पोर रडत मागे जायची. सव्वा महिना भरायच्या आतच दुखणं फुफ्फुसात गेलं आणि ज्योत्स्ना गेली.

पुढे प्रेमराजनं पोर बेबाबाईकडे धुळ्याला ठेवली. बेबाबाई आणि कौतिक यांना मूलबाळ नव्हतं. कौतिक एसटीच्या डेपोत मेकॅनिक. दोघांनी भूमिकाला जीव लावला, शिकवलं, चोपड्याच्याच चांगल्या घरात दिली. आठवी-नववीत असताना एकदा ती म्हणाली होती की मायला मी आवडत नव्हते, ती मला हाकलून द्यायची. बेबाबाईनं तिला पोटाशी धरून सांगितलं, वेडे, ते तुझ्या भल्यासाठी होतं, मशीनचं तिच्या अंगातून तुझ्या अंगात येऊ नये म्हणून. पोरीला ते पुरलं. त्यावर ती जगली असं म्हटलं तरी चालेल.

मशीन म्हातारं झालं. आतला कोबाल्ट विझत आला होता, पहिल्यांदा दोन मिनिटांत व्हायचं त्याला पुढे पुढे आठ-दहा मिनिटं लागू लागली. नवा भरायचा तर तेवढा पैसा ट्रस्टकडे नव्हता, आणि जळगाव-नाशिकला नवी मशीनं आली होती. मुंबईच्या नियामक मंडळाकडून परवानगी आली, कोबाल्ट परत द्यायचा आणि खोली बंद करायची. शिशाची अवजड पेटी ट्रकवर आली, माणसं आली, दिवसभर आवाराला दोरी बांधून काम चाललं. संध्याकाळच्या आत पेटी सील होऊन ट्रकवर चढली. बेबाबाईनं त्या ट्रकला हळदकुंकू लावलं. हसणारे हसले.

दुसऱ्या दिवशी खोलीची शेवटची तपासणी होती. किरणांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या नूतन मॅडम हातात मोजणीयंत्र घेऊन भिंत, टेबल, जमीन, कोपरे सगळं तपासत होत्या. बाई सवयीनं दाराशीच उभी. मॅडमनी तिला आत बोलावलं. काही नाही आता इथे, या म्हणाल्या. बाईनं विचारलं, टेबलात नाही? नाही. भिंतीत? नाही. चादरींत? त्यातही नाही. मॅडमना गंमत वाटली असावी, त्यांनी यंत्र चक्क बाईच्या हातात दिलं. ते गप्पच होतं.

"आणि माणसांत किती दिवस ऱ्हायचं ते?" बाईनं विचारलं.

मॅडमना आधी प्रश्नच कळला नाही. मग त्या समजावून बोलल्या. "माणसांत कधीच राहात नव्हतं, मावशी. दिवा घालवल्यावर भिंतीत उजेड उरतो का? पेशंट टेबलावरून उठला की संपलं. त्याच क्षणी त्यानं लेकरू उचलून घेतलं तरी चालतं." ज्यांना किरणांचं औषधच पोटातून देतात त्यांना काही दिवस लांब राहावं लागतं, पण ती वेगळी गोष्ट, आपल्याकडे ते कधी दिलंच नाही, असंही त्या म्हणाल्या. खेड्यांत लोक उगाच असले गैरसमज धरून बसतात, कुणी भेटलं तर तुम्ही सांगत जा, तुमचं ऐकतात. एवढं बोलून त्या पुढचा कोपरा मोजायला गेल्या.

बाई त्या रिकाम्या टेबलावर बसली. केळी घेऊन येणाऱ्या बायका तिला एकेक करून आठवू लागल्या. त्यांतल्या कितीकजणी दुसऱ्यांदा परत आल्याच नव्हत्या. त्यांचे शेवटचे दिवस कुणाशिवाय गेले असतील, हे तिला आता कळत होतं. तिनं मुद्दाम कुणाचं वाईट केलं नव्हतं, आणि याचा तिला काही उपयोग नव्हता.

पण रडत बसायलाही सवड नव्हती. प्रेमराजला तंबाखूनं घशाचा कॅन्सर झाला होता, जळगावला शेक घेऊन तो नुकताच घरी आला होता. भूमिकानं त्याला आपल्या सासरी, चोपड्याला आणलं होतं आणि मागच्या खोलीत ठेवलं होतं. तिचं बाळ सात महिन्यांचं. सव्वा महिना नातू आजोबाच्या हाती द्यायचा नाही, हे आठ दिवसांपूर्वी फोन करून बेबाबाईनंच तिला बजावलं होतं. डॉक्टरांनी प्रेमराजची फारशी आशा दिली नव्हती.

तिनं घरी येऊन कौतिकला सगळं सांगितलं. त्यानं चकलीचा डबा उघडला, पुन्हा लावला. मग म्हणाला, "नवी मशीन शे, आते पाळानी गरज नही, इतलंच सांग ना. जुनं कसाले उकरस?" सल्ला वाईट नव्हता. त्यानं प्रेमराजला नातू मिळणार होता, भूमिकाला तिची समजूत राहणार होती आणि बेबाबाईला भूमिका. बाईला तो पटलासुद्धा. फोनवर सांगूनही भागलं असतं, पण तिला बाळ प्रेमराजच्या मांडीवर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. सकाळी पिशवीत दोन साड्या टाकून तिनं अमळनेरमार्गे चोपड्याची गाडी धरली.

तिनं ठरल्याप्रमाणे सांगितलं. भूमिकाचा चेहरा असा उजळला की बाईला वाटलं, बरं झालं आपण कौतिकचं ऐकलं. पोरीनं धावत जाऊन बाळ वडिलांच्या मांडीत ठेवलं. प्रेमराजचा आवाज बसला होता, त्याला बोलता येईना. तो नुसता बाळाच्या टाळूचा वास घेत राहिला. बाळानं त्याची मिशी ओढली. भूमिका हसली, डोळे पुसले, चहा ठेवला. तासभर त्या घरात सगळं जसं असायला हवं तसं होतं.

चहाचा कप देताना भूमिकानं सहज विचारलं की म्हणजे मायच्या वेळची जुनी मशीन वाईट होती, नाही का. तिला उत्तरही नको होतं, नुसता हुंकार चालला असता. बेबाबाईनं तोंड उघडलं हो म्हणायला. समोर प्रेमराज नातवाला छातीशी घेऊन बसला होता, तसंच ज्योत्स्नालाही बसता आलं असतं. तिच्या तोंडून हो निघालं नाही.

"तीबी आशीच व्हती, भूमे," ती म्हणाली. "कोनाच आंगमा काही ऱ्हाये नही. तुन्ही मायनाबी नही. मीच मनानं सांगं सगळास्ले. भलतंच सांगं."

भूमिका कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. आतल्या खोलीत तिची सासू टीव्ही बघत होती, तिला काहीच ऐकू गेलं नाही.

"मायनी माले बलायं व्हतं?" तिनं विचारलं.

"रोज."

"मंग तू काय सांगे तिले?"

"थोडा दिन थांब, आसं सांगू."

प्रेमराज बाळाच्या पाठीवर थोपटत होता, ते थांबलं. घोगऱ्या, फुटक्या आवाजात तो म्हणाला, "दारजोडे मीच बठेल राहू. पोर मजार जावाले नको म्हनीसन." पोर आत जाऊ नये म्हणून तेव्हा दाराशी तोच बसायचा, हे तो कुणाकडे न बघता बोलला.

बेबाबाईला वाटलं, आता पोर रडेल, ओरडेल, चार शब्द बोलेल. तिनं मनाची तयारीच केली होती, आणि ते तिला हवंही होतं. भूमिकानं कप खाली ठेवला. तिनं वडिलांच्या मांडीखाली उशी सरकवली, बाळाचं टोपरं नीट केलं आणि वडिलांना सांगितलं की दमेपर्यंत असू द्या त्याला तुमच्याजवळ. मग ती आत गेली.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बेबाबाईची पिशवी होती. मावशी भाचीकडे गेली की चार दिवस राहिल्याशिवाय निघायची नाही, अशी त्यांच्या घरची रीत. पिशवीतल्या दोन्ही साड्या अजून घडीतच होत्या.

"पाचनी गाडी भेटी जाई तुले," भूमिका म्हणाली, आणि पिशवी तिच्यापाशी ठेवून बाळाचं दूध बघायला वळली.

बेबाबाईनं पिशवी उचलली. स्टँडपर्यंतचा रस्ता तिला ठाऊक होता, आणि गाडी सुटायला अजून बराच अवकाश होता.