ताईच्या वावरापलीकडचं ते

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. सगळी नोकरी कोर्टात लघुलेखक म्हणून काढली. साक्षीदार बोलणार आणि मी टिपून घेणार, हेच काम. त्यामुळे "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं" हे वाक्य ऐकलं की मला अजूनही हसू येतं. या ग्रुपवर जंगलातल्या केसाळ माणसाचे, उलट्या पायांच्या बाईचे किस्से येतात, तेव्हा मी मनातल्या मनात उलटतपासणी घेत बसतो. आज माझीच घ्या…

माझी मोठी बहीण कमलताई. सेलू तालुक्यात हिंगणीच्या पुढे, बोरच्या जंगलाला लागून तिचं वावर, म्हणजे शेत, आहे. भाऊजी गेल्यापासून एकटीच राहते तिथं. वांगी-मिरची लावते, सेलूच्या बाजारात पाठवते. डावा गुडघा कामातून गेलाय, पाय ओढत चालते, पण ऐकायचं नाव नाही. तिचा मुलगा प्रशांत शिक्षक, पिपरी मेघेत त्याचा फ्लॅट. आईला तिकडे आणायचं म्हणून तो केव्हाचा मागे लागलाय आणि ताई केव्हाची नाही म्हणतेय.

मागच्या हिवाळ्यात प्रशांतचा फोन आला. "मामा, आईला काहीबाही दिसायला लागलंय." सकाळी वांगी तोडताना नाल्यापलीकडे, जंगलाच्या कडेला कोणीतरी उभं असतं म्हणे. फॉरेस्टवाले येऊन पाहून गेले, अस्वल असेल म्हणाले. ताईला ते पटेना. प्रशांतचं मत झालं की आईचं डोकं आता ठिकाणावर नाही, तिला एकटं ठेवण्यात अर्थ नाही. ताईनं एकच अट घातली — बापूला बोलाव, तो म्हणेल ते मी ऐकीन. बापू म्हणजे मी. थोडक्यात, ताईनं वावरात राहायचं की फ्लॅटमध्ये, हे माझ्या शब्दावर ठरणार होतं.

मी गेलो आणि तिला कोर्टासारखंच विचारलं. उंची? माणसाएवढी, जरा जास्तच. रंग? काळसर. तोंड?

"तोंड नाई दिसत बापा. दिसलं असतं तर सांगतलं असतं."

इथं मी जरा सावरून बसलो. खोटा साक्षीदार प्रत्येक प्रश्नाला उत्तर देतो. ज्यानं खरंच पाहिलेलं असतं त्याला बरंच काही सांगता येत नाही. मी म्हटलं, अस्वलही मागच्या पायांवर उभं राहतं.

"अस्वल मले माहीत नाई का? लहानपणापासून पाह्यते मी. अस्वल आपल्या कामात राह्यते. हे माह्याकडे पाह्यत राह्यते. मी वाकली का वाकते, मी उभी झाली का उभं होते."

शेजारच्या वावरातल्या सुमनबाईनंही ते पाहिलं होतं. तिला मी तिच्या घरी जाऊन एकटीला विचारलं. दोन साक्षीदार एकत्र बसून बोलले की त्यांचा एकच साक्षीदार होतो, हा माझा अनुभव. सुमनबाईच्या मते रंग भुरा होता आणि उंची कमी. काहीच जुळत नव्हतं, म्हणजे दोघींनी वेगवेगळंच काही पाहिलं असणार; मला बरं वाटलं. मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "अन् काकाजी, ते डावा पाय ओढते."

हे ताईनं मला सांगितलं नव्हतं. परत येऊन विचारलं, ते चालतं कसं? ताईनं निवडलेल्या मिरच्या बाजूला लोटल्या. मग म्हणाली, "ते मी कोनालेच नाई सांगतलं. लोक म्हनले असते, म्हातारीले तिचंच भूत दिसून राह्यलं."

आता सुमनबाई ताईला रोज पाहते. ताईचा पाय तिच्या डोळ्यांनी तिकडे नेऊन चिकटवला असेल, हेही शक्य आहे. मी स्वतःला तसंच समजावलं आणि झोपलो.

सकाळी ताईबरोबर वावरात गेलो. धुकं विरलं होतं, चांगलं ऊन पडलं होतं. आणि पलीकडे पळसाच्या झाडांत ते उभं होतं. ताई वाकली, तेही वाकलं. ताईनं दोन्ही हात कमरेवर ठेवून पाठ ताणली… त्यानंही. मी हात वर केला. त्यानं केला नाही. मी त्याच्या लेखी तिथं नव्हतोच. मोबाइल काढेपर्यंत ते वळलं आणि डावा पाय ओढत आत गेलं. फोटोत पळसामागे नुसता काळा डाग आहे. मी भयंकर घाबरलो होतो. ताई शांतपणे वांग्यांचं कॅरेट भरत होती.

माझा चष्मा जुना, ऊन समोरून, अंतर बरंच, आणि आदल्या दिवशी दोघींचं ऐकून डोकं भरलेलं. असा साक्षीदार कुठल्याही वकिलानं सोलून काढला असता, मान्य. तरी मी प्रशांतला खरं तेच सांगितलं. तुझ्या आईचं डोकं ठिकाणावर आहे, मीही पाहिलं.

त्यानं माझ्यावर लगेच विश्वास ठेवला. आणि म्हणूनच, तिथं खरंच काही असेल तर आईला एक दिवसही ठेवणार नाही, असं म्हणत गाडी घेऊन आला. गाडीत बसताना ताई मला म्हणाली, "खोटं बोलला असता तरी मी गेलीच असती, खरं बोलला तरी गेली. मंग तुले बोलावलं काऊन?" मी गाडीचं दार लावलं. अजूनही ते वाक्य मनातून जात नाही.

फ्लॅटमध्ये ताई गॅलरीत बसून राहायची. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. मी अधूनमधून जायचो. अशाच एका दुपारी मी तिथं असताना सुमनबाईनं प्रशांतला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. ताईच्या वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वांगी ओळीनं मांडून ठेवलेली. खाली विचारलं होतं, तोडणीले कोन आलं हाय? कोणीच आलं नव्हतं. प्रशांत म्हणाला, माकडं असतील.

ताईनं फोन डोळ्यांजवळ नेला. "देठासकट हायेत," ती म्हणाली. देठ नसलेलं वांगं बाजारात कोणी घेत नाही. माकड कुरतडून फेकतं, देठ जपून तोडत नाही.

मग ती उठली, पिशवी काढली आणि लुगडी घड्या घालून भरू लागली. प्रशांतनं विचारलं, आई, कुठं निघालीस?

"वांग्याचं काम एकट्यानं होते का?"

भाऊजी गेल्यापासून ते काम ती एकटीच करत आली होती. प्रशांत माझ्याकडे पाहू लागला, मामा काहीतरी सांगतील म्हणून. ते काय आहे, कशासाठी येतं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. मी उठलो. ताईची पिशवी उचलली आणि जिना उतरू लागलो.