रानात घातलेलं गाऱ्हाणं

माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे, बारा वर्षं झाली. बर्फातल्या चौकीवरून उतरायचं, ट्रक पकडायचा, मग दोन गाड्या बदलायच्या, असं करत करत तो चौथ्या दिवशी बोरिवलीला घरी पोचतो. आणि या खेपेला त्याला बोरिवलीहून दहिसरला जाता येईना. दहिसर! पुढचं स्टेशन! रिक्षात बसून चण्याची पुडी संपायच्या आत येतं ते!

दहिसरला त्याची बायको होती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी गेलेली. मुलगी अडीच महिन्यांची झाली होती. बारशाला याला रजा मिळाली नव्हती, आत्या म्हणून मीच बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि यानं ते मोबाईलच्या पडद्यावर बघितलं. मग दोन महिन्यांची रजा घेऊन आला. आम्हाला वाटलं, बॅग टाकून तसाच पळेल. कसलं काय! आज सर्दी आहे, बाळाला लागेल. उद्या ट्रॅफिक असेल. एकदा तर म्हणाला, अमावस्या आहे. ज्यानं जन्मात कधी कॅलेंडरवरची अमावस्या बघितली नाही, तो!

भावजय मला फोन करून विचारायची, "ताई, माझं काही चुकलं का हो?" मी काय सांगणार, कपाळ? एक दिवस मी ओरडलेच त्याच्यावर. "अरे, बाप आहेस ना तू तिचा? का विमा एजंट आहेस, अपॉइंटमेंट मिळाल्याशिवाय जात नाहीस?" तो म्हणाला, "जाईन." आणि गॅलरीत जाऊन आईच्या तुळशीला तिसऱ्यांदा पाणी घातलं. तुळस कुजायला आली होती यार त्या पाण्यानं.

कारण आम्हाला अर्धवट माहीत होतं. थंडीत त्याचा एक सोबती दरीत पडून गेला, हा त्याच्याबरोबर होता. एवढंच. पुढचं तो बोलायचा नाही. त्याच्या साहेबांनी सांगितलं, तुझी चूक नाही. डॉक्टरनं सांगितलं, चूक नाही. आईनं देवासमोर बसवून सांगितलं, बाबा, तुझी चूक नाही. मीही दहा वेळा सांगितलं. तो सगळ्यांना "हो" म्हणायचा आणि पुन्हा गप्प.

रजेचे बारा दिवस उरले तेव्हा त्याच्या पलटणीतून कळवलं, जवानांसाठी तीन दिवसांचं जंगलातलं शिबिर आहे, मन मोकळं व्हायला. घरचं एक माणूस बरोबर आणायचं. भावजय तान्ह्या बाळाला घेऊन कशी जाणार, आईचे गुडघे गेलेले. राहिले मी. शाळेतल्या तीन रजा घालवून गेले, आणि जाताना आईला म्हटलं, "ज्यानं बारा वर्षं जंगलात काढली त्याला आराम म्हणून परत जंगलात पाठवतायत. म्हणजे कोळी दमला की त्याला होडीत बसवायचं!" आई म्हणाली, "जीभ आवर आणि जा."

जागा नॅशनल पार्कच्या पलीकडच्या अंगाला, कुणाच्या तरी खाजगी मालकीची. नऊ जवान, नऊ घरची माणसं, आणि शिबिर चालवणाऱ्या एक मॅडम. मॅडमचा आवाज असा गोड, की ऐकता ऐकता माझे दात शिवशिवायला लागले. मोबाईल जमा केले. गोलात बसवलं. डोळे मिटा. श्वासाकडे बघा. आता झाडाला पाठ टेकवा आणि मनातलं त्याला सांगा. नऊच्या नऊ जवान झाडांना टेकून ताठ उभे, जणू झाडावर पहारा लागलाय. मॅडमनी एकेकाला विचारलं, "कसं वाटतंय?" नऊ वेळा एकच उत्तर. "ठीक है, मॅडम."

माझ्या भावानं त्या दिवशी काय केलं, तर सगळे तंबू चुकीच्या उतारावर लावलेत म्हणून उपटले आणि नीट लावले. मग स्वयंपाक्याला चूल मांडून दिली. मी मनात म्हटलं, झालं, तंबू सुधारले, माणूस आहे तिथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी जाहीर केलं, आज प्रत्येकानं रानात आत जाऊन एकट्यानं बसायचं, दुपारपर्यंत. इथे माझं डोकं फिरलं. आम्ही मालवणकडची माणसं. परक्या जागेत असं घुसत नाही. प्रत्येक जागेला तिचा राखणदार असतो, त्याला नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, मग पाऊल टाकायचं. मॅडम म्हणाल्या, "आपण इथे धार्मिक काही ठेवत नाही." मी म्हटलं, "मॅडम, हे धार्मिक नाही. दुसऱ्याच्या घरात शिरताना आपण बेल वाजवतो की नाही?" स्वयंपाक्याकडे चटणीसाठी नारळ होताच, तो मागून आणला आणि भावाच्या हातात दिला. वडील गेल्यापासून गावी गाऱ्हाणं तोच घालतो.

तो म्हणाला, "ताई, नको गं."

"आमच्याशी बोलू नकोस, तुझी मर्जी," मी म्हटलं. "त्या राखणदारानं तुझं काय घोडं मारलंय?"

त्यानं नारळ एका झाडाच्या बुंध्याशी ठेवला. मग बूट काढले. मी बाकीच्यांना घाईघाईत हिंदीत समजावलं, हा थांबला की सगळ्यांनी जोरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" फौजी माणसं, हुकूम एकदा ऐकला की बस्स.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सतरा गळे. झाडावरचे पक्षी उडाले.

"ह्या जाग्याचो जो कोण राखणदार आसात, तेका ह्यो नारळ ठेवलंय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमी हयसर तीन दीस रवतलंव. किडा-मुंगी, बिबटो लांब ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लेकरांचा काय चुकला-माकला आसात..." इथे पुढे "ता पोटात घाल" म्हणायचं असतं. लहानपणापासून पाठ. तो थांबला. मी पुढचे शब्द सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच बोलला, खालच्या आवाजात. "तेचा मनगट माज्या हातात होता, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"माज्या हातातसून सुटलो तो. माका धरूक जमला नाय. माजी चूक झाली, म्हाराजा."

आणि सतरा जणांनी, त्यात मीसुद्धा, जन्माची सवय म्हणून, छाती भरून सांगितलं, "व्हय म्हाराजा!"

बाकीच्यांना मालवणी कळत नव्हती, त्यांचं सोडा. पण मी? सख्ख्या बहिणीनं सगळ्यांदेखत, हो, तुझीच चूक, म्हणून ओरडून सांगितलं होतं! वाट लावली मी, असंच वाटलं. मी त्याच्याकडे धावले. "अरे, तसं नाही, ते आपलं म्हणायची पद्धत म्हणून..."

तो रडत होता. पण मान वर होती. "असू दे गं," तो म्हणाला. "सगळे आपले नाही, नाही करतात. कुणी ऐकूनच घेत नाही." मग त्यानं डोळे पुसले, उरलेलं वाक्य पुरं केलं, "ता पोटात घाल, म्हाराजा," आणि नारळ फोडला. इतके महिने मी त्याला धीर देते आहे असं समजत होते. खरं म्हणजे त्यानं तोंड उघडायच्या आत मी ते बंद करत होते. स्वतःचाच असा राग आला, की मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली तर त्यांच्यावरच खेकसले.

मॅडमना मात्र हे भलतंच आवडलं. संध्याकाळी वही घेऊन आल्या. हे आपण रोज सकाळी सात वाजता ठेवूया का? मी म्हटलं, "मॅडम, राखणदार काय पगारी आहे का हो?" भाऊ हसला. बारीकसं, पण हसला.

तिसऱ्या दिवशी परतताना बोरिवलीत उतरलो. मी आपली घरच्या रस्त्याला लागले, तर हा रिक्षावाल्याला सांगत होता, "दहिसर." मी मुकाट्यानं आत बसले. ओठ चावून बसले होते, कारण माझा भरवसा नाही.

भावजयीनं दार उघडलं. मुलगी तिच्या खांद्यावर. तिनं काही विचारलं नाही, बाळ फक्त पुढे केलं. आणि हा दोन पावलं मागे सरला! माझ्या ओठांवर आलंच होतं, आता आणखी काय रे बाबा?

"थांब," तो म्हणाला. तिथेच दारात, चपला पडल्या होत्या त्यांच्या बाजूला, तो लादीवर मांडी घालून बसला. बाळाची गोधडी मागून घेतली, मांडीवर पसरली, चारी बाजूंनी नीट केली. मग दोन्ही हात पुढे केले.

"आता दे," तो बायकोला म्हणाला. "इथून सुटली तरी लागणार नाही तिला."

भावजय त्याच्यासमोर खाली बसली आणि मुलगी त्याच्या हातात दिली. मी एक शब्द बोलले नाही.