चाकणच्या शेडमधल्या दोन शिडाच्या बोटी

योगिनीबाईंनी चिंचवडच्या एका कंपनीत क्वालिटीत नोकरी केली. बाहेरून येणारा माल त्यांच्या टेबलावरून पास झाल्याशिवाय आत जात नसे. पुरवठादार शपथा घेत, पेढे आणत. बाई पेढा बाजूला ठेवत आणि माप तपासायचं गेज हातात घेत. निवृत्तीनंतर गेज गेलं, पण सवय राहिली. नवऱ्याने, निरंजनरावांनी, आणलेली कोथिंबिरीची जुडी त्या अजूनही सोडून आतून बघत. वरून सगळ्याच जुड्या हिरव्या दिसतात, असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे निरंजनराव शिडाची बोट घ्यायची म्हणाले, तेव्हा बाईंनी पहिल्यांदा कारण विचारलं. ते वेंगुर्ल्याचे. टूलरूममध्ये जन्म गेला, पण ओढ खाडीची. रावेतचा प्लॉट विकला होता. हिवाळ्याचे चार महिने दोघांनी बोटीवर राहायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने कारवारपर्यंत जाऊन यायचं, असा त्यांचा बेत होता. बाईंनी होकार दिला तो एकाच अटीवर: संडासाला दार हवं.

बोटी होत्या चाकणला. तिथल्या अनिसची फायबरची शेड होती. एरवी तो बसचे भाग आणि पाण्याच्या टाक्या बनवायचा. मुंबईहून दोन बोटी तळाच्या दुरुस्तीला ट्रेलरवरून त्याच्याकडे आल्या होत्या, आणि मालकांना आता त्या विकायच्या होत्या. एक चौतीस फुटी, एक चोवीस फुटी. समुद्रापासून इतक्या लांब, लोखंडी घोड्यांवर चढवलेल्या त्या बोटी पाहून बाईंना वाटलं, ह्यांना इथे आणणाऱ्याचीही आधी चौकशी करायला हवी.

मोठीत दोन खोल्या होत्या, ओटा होता, संडासाला दार होतं. छोटीत ताठ उभंही राहता येत नव्हतं. झोपायला दोन फळ्या, आणि संडासापुढे पडदा.

"छोटीच बरी," निरंजनराव म्हणाले.

"कशावरून?"

"आटोपशीर आहे."

"डबाही आटोपशीर असतो. त्यात कोणी राहत नाही."

ते हसले, पण कारण सांगेनात. तिथूनच बाईंचा संशय सुरू झाला. त्यात दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना त्यांच्या कानावर निरंजनरावांचा फोन पडला. "एकट्या माणसाला चालवता येईल ना? अगदी एकट्याला?" ते बाल्कनीत अनिसला विचारत होते.

एकट्याला. बाईंची सुरी थांबली. म्हणजे चार महिने दोघांनी राहायचं, हे वरवरचं. बाईंना घाट चढतानाही गाडी लागते, हे ह्यांना माहीत आहे. पहिल्याच आठवड्यात बाई उलट्या करून घरी परततील आणि गृहस्थ मोकळे. सदतीस वर्षांच्या संसारात जो माणूस एकटा भाजीला जाऊन धड परत येत नाही, त्याला आता एकट्याने समुद्र हवा होता.

त्या शुक्रवारी "मैत्रिणीकडे जाते" म्हणून बाई निघाल्या आणि भोसरीला बस बदलून थेट चाकणला पोचल्या.

"मॅडम? साहेब तर बुधवारीच येऊन गेले," अनिस म्हणाला.

बुधवारी निरंजनराव दाढ दाखवायला गेले होते. निदान तसं सांगून गेले होते.

"एकटेच होते?"

"एकटेच. दोन्ही बोटींचे नांगर वरून खाली सोडायला लावले, आणि आमच्या रोशनबीला म्हणाले, ओढून दाखव."

रोशनबी शेडवरच्या कामगारांचा चहा करायची. किडकिडीत, बाईंच्याच वयाची. ती पातेलं घासायचं सोडून बाहेर आली आणि बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागली.

"तुम्हीच का त्या? मला म्हणाले, आमच्या घरचं माणूस तुमच्याच अंगापिंडाचं आहे, जरा मदत करा. छोटीचा आला वर. मोठीचा साखळीसकट ओढता ओढता अल्ला आठवला. खांदा अजून धरलाय माझा."

"मोठीला मशीन आहे ना नांगर ओढायला?"

"आहे की," अनिस म्हणाला. "पण साहेबांचं एकच, बॅटरी बसली तर काय?"

बाई शिडी लावायला आणि नांगर पुन्हा खाली सोडायला सांगून छोट्या बोटीवर चढल्या आणि पदर खोचला. दोर हाताला करकरत होता. दोनदा थांबून त्यांनी नांगर वर आणला.

"आला की," खालून रोशनबी म्हणाली. "माझ्यापेक्षा बरा ओढलात."

नांगर पायाशी पडला होता. एकटं माणूस म्हणजे आपण, हे त्यांना कळलं होतं. आता आपण एकटं का असणार, एवढंच राहिलं होतं.

संध्याकाळी निरंजनराव चहा पीत बसले होते. बाई समोर उभ्या राहिल्या.

"बुधवारी कुठल्या डॉक्टरकडे गेला होता?"

"दाढेच्या."

"रोशनबीचा खांदा दुखतोय."

निरंजनरावांनी कप खाली ठेवला.

"हृदयाची एक नळी चोंदलीय," ते म्हणाले. "गोळ्यांवर भागेल म्हणतात. पण समुद्रात मला काही झालं, तर तुला नांगर काढून किनारा गाठता आला पाहिजे. इंजिन मी तुला आठवड्यात शिकवीन. नांगर मात्र शिकवून हलका होत नाही."

"कधी कळलं?"

"दिवाळीत."

"आणि दिवाळीपासून मला बोटी दाखवताय."

"सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस?"

"नसतंच दिलं."

"म्हणून नाही सांगितलं. मग आता काय, मोठी घ्यायची?"

"छोटीच घ्या. पण तुम्हाला काही होऊन मला ती एकटीला आणायला लागली, तर वेंगुर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी बुडवून येईन, हे लक्षात ठेवा."

ते हसायला लागले. बाई हसल्या नाहीत.

"गोळ्यांवर भागेल, हे कोण म्हणालं?"

"डॉक्टर."

"ते मी ऐकलेलं नाही. उद्या दुसऱ्याकडे जायचं, मी बरोबर येणार. तो हो म्हणाला, तरच अनिसला फोन."

"आणि तोही तेच म्हणाला, तर तिसऱ्याकडे नेशील."

"तो कसा म्हणतो, त्यावर आहे," बाई म्हणाल्या, आणि निरंजनरावांचा अर्धा राहिलेला चहा उचलून त्यात साखर किती आहे ते चाखून बघू लागल्या.