भास्करचं पाणी

"वहिनी, डाळ फिल्टरच्या पाण्यात घातलीत ना?" माझा दीर भास्कर छातीवर हात दाबून स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसला होता आणि हे विचारत होता. अँब्युलन्स वाटेत होती. मी खरं ते सांगितलं, "नळाच्या." तो म्हणाला, "वाटलंच." ...आणि गेला. त्याला आता महिना होऊन गेला.

नवरा गेल्यावर लंडनमधल्या हाउन्सलोच्या या घरात आम्ही दोघंच होतो. मी चौथी शिकलेली, तो डॉक्टर, पण औषध न देणारा. काय करतोस म्हटलं की सांगायचा, धातूंमुळे विषाणूचा आरएनए कसा तुटतो ते बघतो. घरच्यांपैकी कोणालाच ते कळलं नाही. कोविडची साथ ओसरल्यावर एकदा भजनाला त्याने हेच सांगितलं, तर बायकांनी खुर्च्या लांब सरकवल्या. मरायच्या आधी एका माणसाला तरी हे कळायला हवं, असा त्याचा हट्ट होता. तो माणूस त्याने मला ठरवलं, कारण हाताशी दुसरं कोणी नव्हतं.

एकदा जेवताना म्हणाला, "किटलीत पांढरा थर धरतो ना वहिनी, ते नळाच्या पाण्यातले धातू. ते डाळीला घट्ट धरतात, म्हणून ती शिजत नाही. विषाणूच्या पोटात अशीच एक दोरी असते, घड्या पडलेली. मॅग्नेशियम त्या घड्या धरून ठेवतं. आणि तापवलं की तेच मॅग्नेशियम दोरीचे तुकडे करतं."

"धरणारा तोच, तोडणारा तोच? तुझ्या आईसारखं की."

तो इतका हसला की चष्मा आमटीत पडला. "झालं, कळलं तुम्हाला."

"आई कळली. डाळीचं मला सांगू नकोस. दुकानदार जुनी डाळ देतो."

दुसऱ्या दिवशी त्याने पाण्याचा फिल्टर आणला. त्यातलं पाणी मी इस्त्रीत भरायचे.

क्रिमेटोरियममध्ये माझा मुलगा भाषणात म्हणाला, काका 'सम सॉर्ट ऑफ केमिस्ट' होते. बाहेर एका बाईने मला विचारलं, त्यांचं औषधांचं दुकान आता कोण बघणार?

परवा इस्त्रीसाठी ठेवलेलं फिल्टरचं पाणी कुकरमध्ये घातलं. दुकान तेच, डाळ तीच. झाकण काढलं तर डाळीचा दाणा शोधून सापडेना... धातू काढले की घट्ट धरलेलं सुटतं, हे मला कळलं. समोर त्याची खुर्ची होती. "वाटलंच" म्हणायला कोणी नव्हतं. वरण वाढून घेतलं आणि जेवले.

भास्कर गेला. मी आहे.