चौथं भोक

वेसां बेटावर सोइझिकला भोकांची डॉक्टरीण म्हणत. शिडाच्या होडीच्या डेकवरची एखादी कडी किंवा कठड्याचा खांब खिळखिळा झाला, आटे जाऊन स्क्रू नुसताच फिरायला लागला, की माणसं तिच्या दारात. तिची रीत ठरलेली. वस्तू उपटायची, भोक मोठं करायचं, डेकच्या पोटातलं कुजकं लाकूड आकड्याने खरवडायचं, वाळवायचं, घट्ट राळ भरायची, आणि ती दगड झाली की मगच नवं भोक पाडायचं. घाई करणाऱ्याला ती हाकलून द्यायची. कॅफेवाला फांश, जो प्रत्येक वाक्यानंतर स्वतःलाच 'हो' म्हणतो, तो एकदा सांगत होता की एवढं कशाला, भोकात काडेपेटीच्या चार काड्या खुपसायच्या, हो, वर गोंद, हो, झालं काम, हो. सोइझिक कॉफी तशीच टाकून उठली. त्या कॅफेत पुन्हा गेली नाही.

एप्रिलात तिचा भाचा एवेन होडी घेऊन आला. होडी त्याच्या बापाची, म्हणजे सोइझिकच्या धाकट्या भावाची, गुलवेनची. एकोणीस वर्षांपूर्वी गुलवेन त्याच होडीवरून पडला होता. होडी भरतीबरोबर एकटीच किनाऱ्याला लागली, तो नाही. तेव्हापासून ती पलीकडच्या गावात, एका कोरड्या गोदामात उभी होती. आता एवेनला रविवारी सहा वर्षांच्या लेकीला तिच्यातून फिरवून आणायचं होतं.

"आत्या, एकच खांब हलतोय."

"डावीकडचा, मागचा," ती म्हणाली. त्याने अजून दाखवलाही नव्हता.

खांबाखाली चार भोकं. तीन शहाण्यासारखी भरली. चौथ्यातली राळ सकाळी लोण्यासारखी मऊ, आणि वर चमचाभर पाणी. आठवडाभर पाऊस नव्हता. तिने बोट बुडवून चाखलं. खारट. तिने सगळं उकरलं, वाळवलं, पुन्हा भरलं. दुसऱ्या सकाळी तेच. एवेन हसून म्हणाला, "हात गेला वाटतं तुझा. फांशच्या काड्या आणू का?"

तिने पुन्हा उकरलं, वाळवलं, भरलं. तिसऱ्या सकाळी आकड्याला एक काडी लागून आली. लाकूड पांढरंशुभ्र, गूल लालभडक, पेटीतून आत्ताच काढल्यासारखी. तिने ती खिशात टाकली.

असल्या काड्या तिने तेव्हाच एकेक वेचून काढल्या होत्या. होडी परत आली त्या दिवशी, उखडलेला खांब कुणी पाहायच्या आत, तिने ओल्या राळेतच तो पुन्हा उभा केला होता. गाव म्हणालं, गुलवेनचा पाय घसरला. तिने मान डोलावली होती.

ज्याला समुद्र परत देत नाही, त्याच्यासाठी या बेटावर मेणाचा छोटा क्रूस करतात. तो घरात पांढऱ्या कापडावर ठेवतात, भोवती बसतात, मग माणूस पुरतात तसा दफनभूमीत पोचवून येतात. गुलवेनचा क्रूस सोइझिकने कधी होऊ दिला नाही. सापडला नाही म्हणजे मेला नाही, असं ती भांडून सांगायची. खरं तर क्रुसाभोवती कुणीतरी विचारलंच असतं, कसा गेला.

त्याच दुपारी तिने मेण वितळवून क्रूस केला. कापड अंथरलं. एवेन समोर बसला.

"भरती चढत होती, तुझ्या बापाला निघायची घाई होती," ती म्हणाली. "मी भोकांत काड्या खुपसल्या. राळेला एक दिवस लागतो. तो एक दिवस मी दिला नाही."

एवेनने क्रूस उचलला आणि एकट्यानेच दफनभूमीत नेला.

त्या संध्याकाळी पुन्हा भरलेलं चौथं भोक सकाळी दगड झालं होतं. ड्रिलबरोबर कोरडी पांढरी भुकटी वर आली. तिने खांब बसवला. खिशातली काडी चाचपली, तर तिथे काडी नव्हती, फक्त गार ओल.

रविवारी एवेन एकटाच आला. दोन्ही हातांनी खांब धरून तो पाण्याच्या बाजूला सगळ्या भाराने झुकला, आणि बराच वेळ तसाच राहिला. खांब कुरकुरलासुद्धा नाही.

"घट्ट आहे," तो म्हणाला, आणि लेकीला आणायला गेला. 'आत्या' मात्र म्हणाला नाही.