पाचवं शील आणि सकाळची गोळी

गाडी दारात उभी होती, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला होता, आणि बाबा म्हणाले, "आधी वंदना." मग रेवदंड्याच्या आमच्या घरातल्या पुढच्या खोलीत, बॅगांच्या मधे जागा करून, आम्ही बुद्धमूर्तीसमोर बसलो. आईने मेणबत्ती लावली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. नशेपासून दूर राहण्याचं ते पाचवं शील आलं तसा बाबांचा आवाज नेहमीप्रमाणे चढला. विमान चुकेल या धास्तीने मी घड्याळ बघत होते. निघताना ते एवढंच म्हणाले, "पाच शीलं सांभाळ. मन आपोआप सांभाळलं जातं." मी मान डोलावली आणि गाडीत बसले.

बाबांचं नशेशी हाडवैर होतं. आजोबा दारूपायी गेले, आणि जाताना घरातलं होतं नव्हतं ते घेऊन गेले. बाबा टपाल खात्यात लागले, धम्माला धरून राहिले, आणि त्यांनी पाचवं शील असं घट्ट पकडलं की खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घरात येत नसे. एकदा त्यात अल्कोहोल निघालं म्हणून त्यांनी अख्खी बाटली मोरीत ओतली. मी आठवडाभर खोकत राहिले. आम्ही भावंडं यावर खूप हसायचो.

मी इंग्लंडमध्ये, लीड्सला, म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये नर्स आहे. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना वेगळं सांगायला नको. बारा तासांची शिफ्ट, पाळ्यांचा रोटा, पुढच्या पाळीला हँडओव्हर, आणि घरच्या फोनवर एकच उत्तर, "मजेत आहे." जे मागे राहिलात त्यांनी ते खरं मानलं. मानणारच, मी बोलायचेच तशी.

तिसऱ्या वर्षी मला उठवेना. ताप नाही, दुखणं नाही, पण अंथरुणावरून पाय खाली टाकायचा म्हणजे डोंगर. आंघोळ करताना रडू यायचं, कशाचं ते कळायचं नाही. जीपी, म्हणजे तिथली नेमून दिलेली डॉक्टर, म्हणाली, डिप्रेशन आहे. तिने गोळी लिहून दिली, आणि सेल्फ-केअरचं एक रंगीत पत्रक. त्यात लिहिलं होतं, गरम पाण्याच्या टबात निवांत पडा, सुगंधी मेणबत्ती लावा. माझ्या भाड्याच्या खोलीला टब नव्हता आणि मेणबत्तीला घरमालकाची मनाई होती.

गोळ्या मी ड्रॉवरमध्ये टाकल्या. मनावर चालणारी गोळी म्हणजे नशाच की, असं माझ्यातल्या टपालवाल्याच्या पोरीने ठरवून टाकलं. मी नर्स आहे, हे लक्षात घ्या! रोज सकाळी हीच गोळी कागदी कपात घालून मी एका आजीबाईंना देत होते, वर "घ्या हं, बरं वाटेल" असंही म्हणत होते. त्यांच्यासाठी ते औषध होतं. माझ्यासाठी शीलभंग.

गोळीऐवजी मी ध्यानाला बसले. सकाळी तास, संध्याकाळी तास. श्वास बघायचा, दुःख बघायचं, सगळं अनित्य आहे, हेही जाईल. ते गेलं नाही. गेलं नाही म्हणजे माझंच काहीतरी कमी पडतंय, म्हणून आणखी बसायचं. मैत्रीभावनेच्या ध्यानात पहिली मैत्री स्वतःला द्यायची असते, "मी सुखी होवो" असं म्हणायचं असतं. ती ओळ मी घाईघाईने उरकायचे आणि जगातल्या बाकी प्राण्यांकडे वळायचे. ध्यान म्हणजे औषधासारखी गोष्ट, पण मी तिची शिक्षा करून ठेवली होती. असे सात महिने काढले.

एका दुपारी औषधांच्या ट्रॉलीसमोर मी उभी होते आणि कोणाला काय दिलं ते मला आठवेना. चार्टवर सह्या माझ्याच होत्या, सगळं बरोबर होतं, पण आठवेना. मी तिथंच फरशीवर बसले. आज सही बरोबर होती. उद्या नसली तर माझी नोकरी जाईल ती जाईल, एखाद्या आजीबाईंचा जीव जाईल. मॅनेजरने घरी पाठवलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी बाबांना खरं सांगितलं. "मनाचा आजार झालाय. गोळी दिलीय. शील मोडेल म्हणून घेतली नाही."

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग बाबांनी विचारलं,

"वर्षावासात आपण भंतेजींना काय देतो?"

"चीवर. भोजन. निवास."

"आनि?"

"औषध."

"भिक्षूला चार गोष्टी लागतात, त्यातली चौथी औषध. त्यांची शुगरची गोळी मीच अलिबागवरून आनतो. मोडलं काय त्यांचं शील?" मग म्हणाले, "माझ्या बापाच्या दारूची भीती मी तुझ्या डोक्यात घातली. चूक माझी हाय." बाबा चूक कबूल करतायत हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. लगेच भडकलेही, "नर्स हायस आनि येवढं कळत न्हाय?"

आता सकाळी चहानंतर गोळी. मग पंधरा मिनिटं बसणं, जास्त नाही. सुट्टीच्या दिवशी कालव्याकाठी चालणं, आणि वास जावा म्हणून खिडकी सताड उघडून भात आणि सुक्या जवळ्याची चटणी. मध्यम मार्ग हा शब्द शाळेत परीक्षेपुरता लिहिला होता. तो पंधरा मिनिटांवर थांबण्यातही असतो, हे तिशी उलटल्यावर कळलं. "मी सुखी होवो" अजून नीट म्हणता येत नाही. थकवा आहेच. पण उठते.

गेल्या जानेवारीत आठ दिवस घरी गेले. रविवारी विहारात वंदना झाली आणि बाबा उभे राहिले. "माझी पोरगी मनाच्या आजाराची गोळी घेते. बरी हाय. कोनाच्या घरात असं असंल तर लपवू नका." तिकडे लीड्सला माझी आजाराची फाइल कोणाला दाखवायची तर माझी परवानगी लागते. इथं भर विहारात, मला न विचारता! धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. घरी येताना मी त्यांच्यापासून दहा पावलं मागे चालले. रागावण्याइतकीही ताकद नव्हती खरं तर.

दुपारी शेजारच्या सुमनकाकू मागच्या दाराने आल्या. "आमची सून बालंत झाल्यापासून गप हाय. पोराला घेत न्हाय. सगली म्हन्तात नखरे हायेत. तुझे बाबा बोलले तवा मला तीच दिसली. उद्या डाक्टरकडं न्हेऊ काय? तू येशील संगती?"

मला फक्त झोपायचं होतं. सुट्टीचे तीनच दिवस उरले होते. तरी दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेला घेऊन अलिबागच्या डॉक्टरकडे निघाले. पोराला काकूंनी घरी ठेवून घेतलं. चौलच्या वाड्या मागे पडल्या, नागाव आलं, तोवर ती पोरगी रिक्षाच्या दांड्याला धरून नुसती बाहेर बघत होती. मग अचानक म्हणाली, "ताई, गोलीनं रडू थांबतं काय?"

"लगेच नाही," मी म्हटलं. "मला अजून येतं. पण सकाळी उठता येतं."

तिने मान हलवली, आणि थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. मीही डोळे मिटले. घर कुठलं असं लीड्समध्ये कोणी विचारलं की मी नकाशा दाखवायचे. आता सांगते, जिथं मी आजारी आहे हे सगळ्या वस्तीला माहीत आहे आणि तरी मला कामाला लावतात, ते.